कारखान्यातील ओझोन उत्प्रेरकाने नष्ट करताना: कोकणात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

लोटे-परशुराम, महाड किंवा रोह्याच्या रासायनिक कारखान्यांत सांडपाण्याचा रंग आणि सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचे रासायनिक मोजमाप) कमी करण्यासाठी, तसेच बाटलीबंद पाणी आणि मासळी प्रक्रियेच्या उद्योगात पाणी निर्जंतुक करण्यासाठी ओझोनचा वापर केला जातो. अशा ठिकाणी ओझोन जनरेटर निवडताना महिनोन्महिने चर्चा होते, दरपत्रके मागवली जातात आणि तज्ज्ञांना बोलावले जाते. मात्र संपर्क टाकीच्या, म्हणजे ओझोन पाण्यात मिसळला जातो त्या टाकीच्या, डोक्यावरून बाहेर पडणारा उरलेला वायू, ज्याला प्लांटवर सगळे ऑफ-गॅस म्हणतात, तो निर्धोक करणारे छोटेसे स्टीलचे भांडे बहुधा खरेदीच्या यादीत शेवटी येते आणि देखभालीच्या यादीत तर येतच नाही. या भांड्याला ओझोन डिस्ट्रक्टर म्हणतात आणि त्यात उत्प्रेरक भरलेला असतो. ज्यांच्याकडे या यंत्रणेची जबाबदारी नव्याने आली आहे, असे अभियंते आणि ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) ऑपरेटर डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. कोकणात हा उत्प्रेरक ओझोनचे काम करून करून थकतो असे क्वचितच घडते. तो खराब होतो तो ओलाव्याने, आणि तेही बहुतेक वेळा प्लांट बंद असताना. त्यामुळे पुढील मजकुरात उत्प्रेरकाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक जागा त्याच्या आधीच्या आणि भोवतालच्या व्यवस्थेला दिली आहे.

धोका किती आणि तो कसा ओळखावा

कामाच्या जागेतील हवेत आठ तासांच्या सरासरीने ओझोनचे प्रमाण ०.१ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.१ भाग), म्हणजे घनमीटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत दिलेली होती आणि व्यवहारात सर्वत्र तीच धरली जाते. ५ पीपीएम ही पातळी जीवितास तत्काळ धोकादायक मानली जाते. कारखान्याच्या कुंपणाबाहेरील हवेसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार आठ तासांची सरासरी १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाची १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर इतकी आहे. या आकड्यांशेजारी ऑफ-गॅसमधील प्रमाण ठेवून पाहिले, तर तिथे ओझोन हजारो पीपीएममध्ये असतो. म्हणजे एखादा सैल फ्लॅंजसुद्धा बंद खोलीतील हवा काही मिनिटांत घातक करू शकतो.

ओझोनचा तिखट वास ०.१ पीपीएमच्याही खाली जाणवतो, म्हणून अनेक अनुभवी ऑपरेटर नाकावर भरवसा ठेवतात. हा भरवसा चुकीचा आहे, कारण थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावते आणि गळती वाढत असतानाही वास कमी झाल्यासारखा वाटतो. घशात खवखव, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे आणि डोळे चुरचुरणे ही लक्षणे दिसली, तर आधी जनरेटर बंद करून मोकळ्या हवेत यावे आणि कारणे नंतर शोधावीत. जास्त मात्रा फुप्फुसात गेली असल्यास त्रास काही तास उशिराने वाढू शकतो. त्यामुळे कामगाराला बरे वाटू लागले म्हणून घरी पाठवून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. ओझोन हवेपेक्षा सुमारे दीडपटीहून जड असल्याने तो खड्ड्यात, पंपाच्या चेंबरमध्ये आणि पायऱ्यांखाली साचतो. म्हणून खोलीतील सेन्सर श्वासाच्या उंचीवर एक आणि जमिनीलगत एक असे दोन असावेत, आणि एक्झॉस्ट पंखा छताशी नव्हे तर खाली बसवावा.

उत्प्रेरक नेमके काय करतो

ओझोन हा मुळातच अस्थिर रेणू आहे. त्याचे दोन रेणू मोडून ऑक्सिजनचे तीन रेणू होतात आणि त्यात उष्णता बाहेर पडते. एवढे असूनही सामान्य तापमानाला कोरड्या हवेत हे रूपांतर इतके सावकाश होते की ओझोन तासन्‌तास टिकून राहतो. मॅंगनीज डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर मात्र तो क्षणार्धात मोडतो. ओझोनचा रेणू पृष्ठभागावरील मोकळ्या जागेत बसतो, एक ऑक्सिजन अणू तिथे ठेवून उरलेला रेणू निघून जातो. मग दुसरा ओझोन रेणू येऊन त्या अणूशी क्रिया करतो आणि पृष्ठभागावर पेरॉक्साइडसारखा एक तात्पुरता घटक तयार होतो. हा घटक ऑक्सिजन होऊन सुटला की जागा पुन्हा मोकळी होते. या साखळीत सर्वांत मंद टप्पा हा शेवटचा, म्हणजे जागा मोकळी होण्याचा असतो, आणि तापमान थोडे वाढवले की त्याला वेग येतो.

पाण्याची वाफही याच मोकळ्या जागांवर बसते, आणि आपली खरी अडचण तिथेच सुरू होते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड सादळतात, तसाच उत्प्रेरक सादळतो. दिसायला काहीही बदललेले नसते, पण काम थांबलेले असते.

बाजारात मिळणारा नेहमीचा उत्प्रेरक मॅंगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांच्या मिश्रणाचा, काळसर तपकिरी दाण्यांच्या किंवा गोळ्यांच्या स्वरूपात असतो. याच कुळातील हॉपकॅलाइट हे मिश्रण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत कार्बन मोनॉक्साइडपासून बचाव करणाऱ्या मास्कसाठी तयार करण्यात आले. त्या मास्कमध्येही उत्प्रेरकाआधी आर्द्रता शोषणारा थर द्यावा लागत असे, ही गोष्ट कोकणात काम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. पॅलेडियमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप दिलेले जाळीदार ठोकळे विमानाच्या केबिनमध्ये येणाऱ्या हवेसाठी वापरतात, परंतु सांडपाण्याच्या प्लांटवर त्यांची किंमत सहसा परवडत नाही.

उत्प्रेरकाला पर्याय दोन आहेत. ऑफ-गॅस सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तर उत्प्रेरकाशिवायही ओझोन नष्ट होतो, पण विजेचे बिल त्या मानाने येते. दुसरा पर्याय सक्रिय कोळशाचा. तो ओझोनबरोबर स्वतःही जळून संपत जातो आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या जनरेटरच्या ऑफ-गॅसमध्ये पेट घेण्याचा धोका असतो. ऑक्सिजन फीड असलेल्या प्लांटवर कोळसा वापरू नये, इतके स्पष्ट सांगणे पुरेसे आहे.

पहिली पायरी: आकडेमोड

भांडे मागवण्यापूर्वी किती वायू येणार आणि त्यात किती ओझोन असणार, हे कागदावर मांडले पाहिजे. समजा, जनरेटर तासाला ५०० ग्रॅम ओझोन देतो आणि ऑक्सिजन फीडवर वजनाने १० टक्के तीव्रतेने चालतो. म्हणजे तासाला एकूण ५ किलो, अर्थात सुमारे ३.५ सामान्य घनमीटर (० अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेले) वायू टाकीत जातो. टाकीत ९० टक्के ओझोन पाण्यात विरघळला असे धरले, तर ५० ग्रॅम उरतो आणि तो ऑफ-गॅसमध्ये घनमीटरमागे सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे आकारमानाने ०.७ टक्के किंवा ७,००० पीपीएम इतका भरतो. तो ०.१ पीपीएमपर्यंत खाली आणायचा, तर सत्तर हजारातील एक भागच मागे राहू देता येतो. ‘९९ टक्के कार्यक्षमता’ असे दरपत्रकात छापलेले असेल तर ते पुरेसे नाही, कारण ७,००० चा एक टक्का म्हणजे ७० पीपीएम. दरपत्रकात टक्केवारी न मागता बाहेर पडणारे प्रमाण पीपीएममध्ये मागावे.

वाफेने संपृक्त झालेला हा वायू ३० अंशांना तासाला सुमारे ४ घनमीटर होतो. दोन लिटर उत्प्रेरक घेतला तर त्याच्या आकारमानाच्या दोन हजार पट वायू दर तासाला त्यातून जाईल आणि रिकाम्या भांड्याच्या हिशेबाने संपर्ककाळ पावणेदोन सेकंदांच्या आसपास मिळेल. दाणेदार उत्प्रेरक याहून कितीतरी कमी वेळातही काम करतो, आणि पुरवठादार तसे गणित मांडून लहान भांडे सुचवतात. ते गणित कोरड्या वायूसाठी चूक नसते. आपल्याकडील ओलावा, फेस आणि खारी हवा पाहता, सुचवलेल्याच्या दुप्पट उत्प्रेरक घ्यावा असे माझे मत आहे. दोन-चार लिटर जास्तीच्या उत्प्रेरकाची किंमत एका दिवसाच्या बंद प्लांटपेक्षा कमी असते. ब्लोअर बाहेरची हवाही ओढत असेल तर ती या हिशेबात मिळवायला विसरू नये.

आता उष्णता. आकारमानाने एक टक्का ओझोन पूर्णपणे मोडला तर वायूचे तापमान सुमारे ५० अंशांनी चढते. आपल्या उदाहरणात ०.७ टक्क्याला ही चढ सुमारे ३५ अंशांची येते आणि ती निर्धोक आहे. पण संपर्क टाकीतील पाण्याची पातळी डिफ्युझरच्या (पाण्यात वायूचे बुडबुडे सोडणाऱ्या भागाच्या) खाली गेली आणि जनरेटर चालूच राहिला, तर सगळाच्या सगळा ५०० ग्रॅम ओझोन थेट उत्प्रेरकावर येतो. वजनाने १० टक्के म्हणजे आकारमानाने जवळपास ७ टक्के, आणि सैद्धांतिक तापमानवाढ ३०० अंशांहून अधिक. एवढ्या उष्णतेत गॅस्केट जातात, उत्प्रेरकाचे दाणे भाजून निकामी होतात आणि वायू ऑक्सिजनचा असल्याने आगीचा धोका उभा राहतो. म्हणून टाकीची पातळी, फीड पंपाचा प्रवाह आणि उत्प्रेरकानंतरचे तापमान या तिन्हींचा इंटरलॉक (मर्यादा ओलांडताच यंत्र आपोआप बंद करणारी जोडणी) जनरेटरशी जोडलेला असलाच पाहिजे. यातील एखादा इंटरलॉक ‘तात्पुरता’ बायपास केलेला आढळला तर प्लांट सुरू करू नये.

रासायनिक कारखान्यांसाठी आणखी एक खबरदारी आहे. सांडपाण्यात टोल्युइन, मिथेनॉल, ॲसिटोन यांसारखे विद्रावक उरलेले असतील, तर बुडबुड्यांबरोबर त्यांची वाफ निघून ऑक्सिजनने भरलेल्या ऑफ-गॅसमध्ये मिसळते आणि पुढे गरम उत्प्रेरकावर पोहोचते. हे मिश्रण स्फोटक होऊ शकते. विद्रावक आधी स्ट्रिपरमध्ये (हवा किंवा वाफ सोडून ते उडवून लावणाऱ्या स्तंभात) काढून मगच पाणी ओझोनच्या टाकीत घ्यावे.

दुसरी पायरी: वायू कोरडा करणे

उत्प्रेरकाचे आयुष्य वर्षे भरते की महिने, हे या पायरीवर ठरते. संपर्क टाकीतून येणारा वायू वाफेने पूर्ण भरलेला असतो, सोबत पाण्याचे बारीक थेंब असतात आणि सांडपाणी साबणी असेल तर फेसही असतो. या तिघांना वेगवेगळ्या ठिकाणी अडवावे लागते.

फेसासाठी टाकीच्या डोक्यावर पुरेशी मोकळी जागा आणि आवश्यक तिथे पाण्याचा फवारा द्यावा. फेस रोखण्यासाठी सिलिकॉनयुक्त अँटिफोम टाकण्याची सवय अनेक ईटीपींवर आहे. ती इथे सोडावी लागेल, कारण सिलिकॉन उत्प्रेरकाच्या दाण्यांवर थर धरतो आणि तो निघत नाही. थेंबांसाठी स्टीलच्या जाळीचा डेमिस्टर बसवावा आणि त्याच्या तळाशी निचऱ्याचा पाइप यू आकाराच्या पाण्याच्या सापळ्यातून न्यावा. या सापळ्याची खोली ब्लोअरच्या ओढीपेक्षा जास्त हवी. ती कमी असेल तर ब्लोअर सापळ्यातले पाणी वर ओढून घेतो आणि डेमिस्टर निचरा करण्याऐवजी स्वतःच भरत जातो. एप्रिल-मेच्या उन्हात हा सापळा आटतो, तेव्हा त्यात पाणी आहे की नाही हे रोजच्या फेरीत पाहावे.

उरलेल्या वाफेसाठी हीटर. इथे वाफ काढून टाकायची नसते, वायूचे तापमान वाढवून तिची सापेक्ष आर्द्रता खाली आणायची असते. ३० अंशांना संपृक्त असलेला वायू ४५ अंशांपर्यंत तापवला की त्याची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४५ टक्क्यांवर येते आणि ५० अंशांपर्यंत नेला तर ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे केवळ १५ ते २० अंशांची वाढ पुरेशी आहे, आणि वर उल्लेखिलेल्या तासाला ४ घनमीटर वायूसाठी त्याला लागणारी वीजही अगदी थोडी असते. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखालच्या उघड्या पाइपमध्ये वायू पुन्हा थंड होऊन पाणी सुटते, त्यामुळे हीटरपासून भांड्यापर्यंतचा पाइप आणि भांडे यांना इन्सुलेशन करावे. हीटर आणि भांडे यांच्यात जितके कमी अंतर, तितके चांगले. ब्लोअर बंद असताना हीटर चालू राहिला तर तो जळतो, म्हणून हीटरला प्रवाहाचा इंटरलॉक द्यावा.

भांडे, पाइप आणि ब्लोअर

भांडे एसएस ३१६ एलचे घ्यावे. ३०४ स्वस्त पडते, पण खाऱ्या वाऱ्यात त्याच्या वेल्डिंगच्या जोडांवर आधी तांबूस डाग आणि मग टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. गॅस्केट टेफ्लॉनचे किंवा व्हायटॉनचे असावे. साधे रबर आणि नायट्राइल ओझोनमध्ये काही दिवसांत चिरते, हे स्टोअरमधील माणसालाही सांगून ठेवावे, कारण घाईच्या वेळी हाताला येईल ते गॅस्केट दिले जाते. पाइपमध्ये तेल किंवा ग्रीस मुळीच नको. यूपीव्हीसी पाइप हीटरच्या आधी चालेल, नंतर नाही.

ब्लोअर उत्प्रेरकाच्या पुढे, म्हणजे शुद्ध झालेल्या बाजूला बसवावा. त्यामुळे संपर्क टाकी आणि मधले पाइप किंचित निर्वाताखाली राहतात, एखादा जोड सैल झाला तरी ओझोन बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि ब्लोअरलाही ओझोन सोसावा लागत नाही. टाकीवर दाब आणि निर्वात दोन्हींसाठी उघडणारा झडप असावा. शेवटचा व्हेंट छताच्या वर, खिडक्या आणि एसीच्या तोंडांपासून दूर काढावा आणि त्यावर पावसाची टोपी असावी. नैर्ऋत्येकडून आडवा येणारा पाऊस साध्या टोपीखालूनही आत शिरतो, त्यामुळे पाइपचे तोंड खाली वळवलेले बरे.

उत्प्रेरक भरणे

उत्प्रेरकाचा ड्रम कोरड्या दिवशी आणि भरण्याच्या वेळीच उघडावा. दाणे चाळणीतून घेऊन भुकटी वेगळी करावी, कारण ती दाण्यांच्या फटीत बसून वायूची वाट अडवते. मॅंगनीजची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने धुळीचा मास्क, चष्मा आणि हातमोजे वापरावेत. तळाच्या जाळीवर आधी सिरॅमिक गोळ्यांचा थर द्यावा, मग उत्प्रेरक थोडा थोडा ओतत भांड्याच्या कडेला लाकडी हातोड्याने हलके ठोकावे आणि वरचा पृष्ठभाग सपाट करावा. भांड्याच्या भिंतीलगत पोकळी राहिली तर वायू तिथूनच निसटतो, आणि बाकीचा उत्प्रेरक नवा असूनही बाहेर ओझोन दिसतो. वायू वरून खाली जाईल अशी रचना ठेवावी. खालून वर गेल्यास दाणे हलतात, घासतात आणि त्यांची भुकटी होते.

सुरू करणे आणि रोजची तपासणी

सुरू करताना प्रथम ब्लोअर, मग हीटर, आणि उत्प्रेरकाच्या तळाचे तापमान ठरलेल्या पातळीवर स्थिर झाल्यानंतरच जनरेटर, हा क्रम कधीही बदलू नये. थंड थरावर ओला ऑफ-गॅस आला की पहिल्या काही मिनिटांतच दाण्यांवर पाणी सुटते.

तपासणीसाठी दोन साधने आहेत आणि दोघांची कामे वेगळी आहेत. उत्प्रेरकाच्या आधीचे प्रमाण मोजण्यासाठी प्रयोगशाळेतील पोटॅशियम आयोडाइडची जुनी पद्धत उत्तम चालते. दोन वायुधावन बाटल्या एकापुढे एक जोडून त्यांत २ टक्के पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण घ्यावे आणि त्यातून मोजून २ लिटर वायू सोडावा. द्रावण पिवळे, मग गडद तपकिरी होत जाते. त्यात सल्फ्युरिक आम्ल घालून ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करावे, रंग फिकट पिवळा होताच स्टार्च टाकावे आणि निळा रंग जाईपर्यंत थेंबाथेंबाने पुढे जावे. एक मिलिलिटर थायोसल्फेट म्हणजे २.४ मिलिग्रॅम ओझोन. आपल्या उदाहरणातील वायूला सुमारे साडेबारा मिलिलिटर लागेल. वीस लागले, तर टाकीत ओझोन नीट विरघळत नाही असा त्याचा अर्थ होतो आणि डिफ्युझर तपासावे लागतात. दुसऱ्या बाटलीतही ठळक रंग आला तर वायू फार वेगाने सोडला गेला आहे.

उत्प्रेरकानंतरच्या वायूला ही पद्धत उपयोगाची नाही, कारण ०.१ पीपीएमच्या पातळीवर दोन लिटर वायूत टायट्रेशनला दिसेल इतका ओझोनच नसतो. तिथे २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर चालणारा ॲनलायझर हवा. त्याच्या नमुन्याच्या नळीत पाणी सुटले किंवा वायूत टोल्युइनसारखी ॲरोमॅटिक वाफ असली तर तो खोटे आकडे दाखवतो, तेव्हा नळी किंचित गरम ठेवावी. खोलीतील हवेसाठी वापरले जाणारे स्वस्त इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर क्लोरीन आणि नायट्रोजन डायऑक्साइडलाही ओझोन समजतात. शेजारी हायपोक्लोराइटचा डोसिंग पंप असेल तर अलार्म कशामुळे वाजला, हे दोन्हीकडे पाहूनच ठरवावे.

या दोन्हींपेक्षा रोज उपयोगी पडणारे आणि फुकट मिळणारे साधन म्हणजे थराच्या आधीचे व नंतरचे तापमान. दर शिफ्टला दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. भांडे लहान असल्याने काही उष्णता बाहेर जाते आणि प्रत्यक्ष फरक हिशेबापेक्षा कमी दिसतो, म्हणून नवा उत्प्रेरक असताना मिळालेला फरक हाच आपला आधार धरावा. जनरेटर त्याच लोडवर असताना फरक कमी होत जातो आहे आणि बाहेरचा ओझोन वाढतो आहे, तर उत्प्रेरक सादळला किंवा मेला. फरक कमी झाला पण बाहेर ओझोन शून्यच आहे, तर उत्प्रेरक ठीक आहे. जनरेटरचे उत्पादन घटले असावे. फरक एकाएकी वाढला तर टाकीत काहीतरी बिघडले आहे. थराच्या मध्यावरही एक थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) देता आला तर अधिक कळते, कारण वरचा भाग निकामी होत जातो तसा सर्वांत गरम पट्टा खाली सरकतो आणि बदलीची तारीख आधीच दिसू लागते.

बंद करताना, आणि विशेषतः गणपतीत

बंद करताना आधी जनरेटर थांबवावा, कोरडी हवा किंवा ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटे पुढे सोडून पाइपमधील ओझोन व वाफ उत्प्रेरकातून काढून टाकावी, मग हीटर आणि शेवटी ब्लोअर बंद करावा. त्यानंतर उत्प्रेरकाच्या भांड्याच्या दोन्ही बाजूंचे झडप बंद झालेच पाहिजेत. हे न केल्यास गरम भांडे थंड होताना एका बाजूने टाकीतील ओली हवा आणि दुसऱ्या बाजूने व्हेंटमधून बाहेरची हवा आत ओढून घेते.

गौरी-गणपतीला कोकणातला कारखाना चार-पाच दिवस बंद तरी असतो किंवा मोजक्या माणसांवर चालतो. तो काळ नेमका भर पावसाळ्याचा आणि हवेत ओलावा मावत नसल्याचा. पूर्वतयारीशिवाय सोडून दिलेला उत्प्रेरक सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी ओझोन तसाच पुढे सोडतो आणि दोष मात्र पुरवठादाराला दिला जातो. सुट्टीवर जाण्यापूर्वी झडप बंद करून भांड्याला बाहेरून गुंडाळलेला छोटा ट्रेस हीटर चालू ठेवावा, किंवा भांडे कोरड्या हवेच्या किंचित दाबाखाली ठेवावे. वादळवाऱ्यात अचानक वीज जाते तेव्हा माणूस धावत जाऊन झडप बंद करू शकत नाही, म्हणून हे झडप वीज जाताच आपोआप बंद होणाऱ्या प्रकारचे असावेत. मात्र ते बंद होताच टाकीचा दाब सुटण्याची सोय राहिली पाहिजे, आणि टाकीवरील सुरक्षा झडपाचा व्हेंट खोलीत न उघडता बाहेरच नेलेला असला पाहिजे.

उत्प्रेरकाचे शत्रू, आणि आगोटीपूर्वीची (पावसाळ्याआधीची) कामे

सादळलेला उत्प्रेरक बहुधा परत कामाला लावता येतो. उत्पादकाने दिलेल्या तापमानमर्यादेत, साधारणपणे शंभर अंशांच्या आसपास, कोरडी गरम हवा काही तास सोडली की त्याची क्षमता बरीचशी परत येते. रासायनिक विषबाधेला मात्र इलाज नाही. हायड्रोजन सल्फाइड व इतर गंधकयुक्त वायू, क्लोरीन आणि ब्रोमीन, तसेच हवेवर चालणाऱ्या जनरेटरमध्ये तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि त्यांपासून होणारे नायट्रिक आम्ल हे उत्प्रेरकाला कायमचे निकामी करतात. हवेच्या फीडचा जनरेटर असेल तर त्याचा एअर ड्रायर नीट चालणे दुहेरी महत्त्वाचे ठरते, कारण फीडमधील ओलाव्यानेच ते आम्ल तयार होते.

किनाऱ्यावरील मासळी प्रक्रिया उद्योगात ब्रोमीनचा प्रश्न वेगळ्याने पाहावा लागतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते आणि ओझोन त्याचे रूपांतर हायपोब्रोमस आम्लात व पुढे ब्रोमेटमध्ये करतो. विहिरीच्या पाण्यात भरतीचे पाणी मिसळत असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी हे प्रमाण वाढते. अशा ठिकाणी ऑफ-गॅस उत्प्रेरकाआधी सौम्य अल्कलीच्या लहान स्क्रबरमधून (वायू द्रावणाने धुणाऱ्या भांड्यातून) नेणे योग्य, अर्थात त्यानंतर डेमिस्टर आणि हीटर आलेच.

मे महिन्यात घरोघरी आगोटीची बेगमी चालते, त्याच सुमारास या यंत्रणेची वार्षिक तपासणी उरकून घ्यावी. डेमिस्टरची जाळी काढून धुवावी, हीटरच्या कॉइलचा इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजावा, गॅस्केट बदलावेत, भांड्याच्या वेल्डवर डाग आहेत का ते बॅटरीच्या उजेडात पाहावे, आणि तापमानाच्या नोंदी वर्षभराच्या एका आलेखावर मांडून उत्प्रेरक पावसाळा काढेल की नाही ते ठरवावे. शंका असेल तर मे महिन्यातच बदलावा. जुलैत ड्रम उघडून भरलेला नवा उत्प्रेरक भरतानाच अर्धा ओला झालेला असतो.

वापरलेला उत्प्रेरक

काढलेला उत्प्रेरक भंगारवाल्याला देऊ नये आणि कुंपणाच्या कडेला टाकू नये. भांडे उघडण्यापूर्वी ते कोरड्या हवेने धुवून थंड होऊ द्यावे आणि आत ओझोन उरलेला नाही याची ॲनलायझरने खात्री करून घ्यावी. दाणे झाकणाच्या ड्रममध्ये भरून त्यावर घातक कचऱ्याचे लेबल लावावे आणि ड्रम छपराखाली, फरशी असलेल्या जागेत ठेवावेत. घातक व इतर कचरा नियम, २०१६ नुसार त्याची वाट लावावी लागते, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात वापरलेल्या उत्प्रेरकाची नोंद प्रमाणासह असणे आवश्यक आहे. ती नसेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या अर्जात ती घालून घ्यावी. तळोजा येथील प्रक्रिया केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणी माल पाठवताना मॅनिफेस्टची (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्राची) प्रत जपून ठेवावी. मॅंगनीज आणि तांबे परत मिळवणाऱ्या अधिकृत उद्योगाकडे तो पाठवणे शक्य असल्यास पुरवठादाराशी खरेदीच्या वेळीच तसे बोलून ठेवावे, कारण माल घेऊन पैसे दिले गेल्यानंतर जुना उत्प्रेरक परत न्यायला सहसा कोणी उत्सुक नसते.